दोनशे अकरा रविवार

अधारताल, जबलपूर

प्रिय अश्वादादा,

तुझ्या दोस्ताकडून, केतनभैयाकडून, तुझा पत्ता काढायला मला तीन आठवडे लागले. त्याच्यावर रागावू नकोस. तू घर सोडलंस तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. या उन्हाळ्यात प्रोजेक्ट मिळाला, नव्या मशीनवर न चालणारे जुने साहसी खेळ पुन्हा चालते करायचे. त्यासाठीच्या प्रोग्रामचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो, देशोदेशीची मुलं त्यात भर घालतात. यादीत तुझा तो बुडालेल्या गावाचा खेळ दिसला आणि मी तोच मागून घेतला. कंदीलवाला माणूस, आणि त्याने काय करायचं ते आपण इंग्रजीत टाइप करायचं, तोच.

खेळ नीट चालतो का ते तपासायला कुणीतरी खरोखर खेळलेले डाव हवे होते. तुझा कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता, सुरूही झाला. खेळ बंद केला की डाव तारखेसकट आपोआप साठवला जायचा. तुझे पाच-सहा असतील असं वाटलं. निघाले दोनशे सतरा. त्यातले दोनशे अकरा तू गेल्यानंतरचे. सगळे रविवारचे, दुपारी दोन ते साडेतीनमधले, आई नि मी विहारात असतो तेव्हाचे.

वाटलं, तू चोरून येतोस. केतनभैया म्हणाला, अश्वा जबलपूरला एकदाही आला नाही. मग मी ते डाव एकेक करून लॅपटॉपवर उघडले. प्रत्येकात तो माणूस पाण्यातल्या एकाच घरासमोर उभा. टाइप केलेलं सगळं डावात राहतं, तेही वाचलं. इंग्रजी अक्षरांत मराठी होती. अश्वा बाहेर ये. अश्वा जेवला का. अश्वा आई रडते. आणि प्रत्येक ओळीखाली खेळाचं एकच उत्तर: मला समजलं नाही.

पुढच्या रविवारी विहारातून मी एकटीच लवकर परतले. लाइट गेली होती. मागच्या खोलीत बाबा काळ्या पडद्यासमोर बसून एका बोटाने टाइप करत होते. बाबा, काय करून राहिले, विचारलं, तर वळून न बघता म्हणाले, “काहून ओरडते? तो आत आहे. मीच म्हटलं होतं ना त्याले, जाय, त्या डब्यातच राय.”

तू दुसऱ्यांदा नापास झालास त्या दिवशी या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हटलेलं वाक्य. त्यानंतर या घरात त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार आहे, दोनेक वर्षांपासून. पण डाव तर आठ वर्षांचे आहेत. सुरुवातीला त्यांना ठाऊक असणार की तू तिथे नाहीस. केव्हापासून ठाऊक नाही, ते मला तारखांवरून कळत नाही.

परवा जुना कॉम्प्युटर बंद पडला. आता बाबा माझ्या लॅपटॉपवर, मी चालत्या केलेल्या खेळात टाइप करतात. त्यातलं कुठलंही उत्तर मला बदलता येतं. काल मी तुझ्या नावाने लिहिलं, ‘बाबा, मी येतो.’ त्यांना दाखवायच्या आत पुसलं, कारण ते माझं उत्तर नव्हतं. माझा नंबर मागच्या बाजूला आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत तुझा फोन आला नाही, तर मी ते पुन्हा लिहीन. मग बाबा चप्पल घालून तुला घ्यायला स्टेशनवर निघतील. दादा, तेव्हा मी त्यांना काय सांगू?

तुझीच,
यशोधरा