बिनसुरीची काकडी

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. गॅसपुढे चक्कर आली ती एकदाच. नात हे लिहून घेतेय आणि मध्येच "आजी, दोनदा" म्हणतेय. तिला म्हटलं, पत्र माझं, चक्कर माझी, तू नुसतं लिही.

त्या चक्करेवरून तुझ्या भाच्याने मला गॅस बंद केला, सुऱ्याही कपाटात कोंडल्या. म्हणे, "आई, आता तू आराम कर." आराम करायला मी काय पाहुणी आहे?

काल ऊन नुसतं मी म्हणत होतं. दुपारी कोवळ्या काकड्या लाटण्याने ठेचल्या, कांदा बुक्कीने फोडला, मीठ चोळून झाकून ठेवलं. सुटलेलं पाणी पिळून काढलं, वर लिंबू आणि चिमूटभर साखर. तासाभरात छान मुरलं. विस्तव नाही, पातं नाही. मी कुठला हुकूम मोडला, तूच सांग.

जेवताना लेकाने वाडगा पुसून खाल्ला आणि मग डोळे वटारले, "सुरी कुठून काढलीस?"

मी मूठ दाखवली. सून तोंड फिरवून हसली.

"बरं," तो म्हणाला, "काकडी तेवढी तुझ्याकडे."

तुझा गुडघा कसा आहे? तुलाही लेकीने बसवून ठेवलं असेल, तर कांद्यापासून सुरुवात कर.

इथे त्याने बोट दिलंय. मनगट मी धरणारच. रविवारी त्याच्याशी फोडणीचं बोलते.

तुझी,
बसून न राहणारी थोरली