रात्री नऊची वीज

॥ श्री ॥
सोनपेठ, १० जून २०२४

चि. आदिनाथ यास काकूचे आशीर्वाद. विशेष.

मी तुझा फोन उचलत नाही, त्याचा अर्थ लावत बसू नकोस. फोनवर तू मध्येच गोड बोलून मला गार करतोस. कागद मध्ये बोलत नाही.

परवा दुपारी साडेतीनला बांधावरच्या बाभळीवर वीज पडली. आपला सालगडी लिंबाजी, तुला खांद्यावर बसवून शाळेत सोडणारा, तिच्यापासून चार हातांवर होता. जीव वाचला, पण त्याला काहीच ऐकू येत नाही. परभणीचे डॉक्टर म्हणाले की फार आशा धरू नका.

सकाळीच तुझ्या कंपनीच्या अ‍ॅपवर आलं होतं की आज रात्री नऊच्या सुमारास विजांचा धोका. दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं, तेव्हा तुझे काका मारुतीची घंटा वाजवायला निघाले होते. तुला माहीत आहे, ती अवेळी वाजली की शिवारातलं माणूस हातातलं टाकून घर गाठतं. पारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हणाले, आपल्या आदिनाथचं मशीन नऊ म्हणायलंय, उगं लोकांचा खोळंबा कशाला. घरोघरी फिरून प्रत्येकाच्या फोनात ते अ‍ॅप त्यांनीच घालून दिलं होतं. चंद्रावर यान उतरलं तेव्हा पेढेही त्यांनीच वाटले, जसं काही ते यान तूच हाकत नेलं होतंस. आता ताटावर बसतात आणि तसेच उठतात.

मला एवढंच कळव, नऊ कुठून आले?

आशीर्वाद आहेत. राग निवला की आणखी पाठवीन.

तुझी धुरपदाकाकू

---

बंगळूर, १७ जून २०२४

ती. स्व. काकूस आदिनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. लिंबाजीतात्याला माझा नमस्कार सांग. तू तो सांगणार कशी, हे लिहिताना लक्षात आलं.

ढगांचे फोटो उपग्रहाकडून येतात. त्यावरची वेळ सगळ्या जगाची म्हणून ठरलेली असते, ती आपल्या घड्याळात आणायला साडेपाच तास मिळवावे लागतात. एकदाच. या महिन्याच्या सुरुवातीला सॉफ्टवेअरमध्ये नवा बदल झाला, त्यात ते दोनदा मिळवले गेले. साडेतीनचे नऊ झाले ते असे. काकू, अशा चुका मोठमोठ्यांकडून होतात. परदेशातलं एक यान मंगळापाशी जाऊन नष्ट झालं, कारण एका गटाने आकडे एका मापात दिले आणि दुसऱ्याने ते वेगळ्या मापातले समजले. शिवाय वेळ अंदाजे आहे असं अ‍ॅपच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

साहेब म्हणतात की गाजावाजा नको, पुढच्या महिन्यातल्या बदलात गुपचूप दुरुस्त करू. पेपरवाल्यांशी कुणी बोलू नका. आणि अ‍ॅपवरचा तो नऊचा संदेश तेवढा फोनमधून काढून टाक.

काकांना जेवायला लाव. रागव, पण मला परकं करू नकोस.

तुझा आदिनाथ

---

सोनपेठ, २४ जून २०२४

आदिनाथ यास,

संदेश काढलेला नाही. काढणारही नाही.

मंगळावरच्या त्या यानात माणूस बसला नव्हता. बाभळीपाशी होता. बारीक अक्षरांचं कौतुक तुझ्या साहेबाला सांग, लिंबाजीला मोठीही वाचता येत नाहीत. त्याला काकांनी वाचून दाखवलं आणि त्याने विश्वास ठेवला, कारण नाव तुझं होतं. आणि साडेपाच तास मिळवले गेले म्हणे! आपोआप गेले का? हात कुणाचा होता, ते लिहायला लाज वाटली?

पुढच्या महिन्यात दुरुस्ती, म्हणजे वरातीमागून घोडं. तोवर पाऊस काय तुझ्या साहेबाला विचारून येणार आहे? चुडाव्याला दिलेल्या तुझ्या बहिणीच्या, ऋतिकाच्या फोनातही तेच अ‍ॅप आहे. तिला मी सांगितलं. बाकीच्या गावांना कोण सांगणार? तिथेही कुणाची तरी काकू असेल. रोज पेपरात वाचते की आपण आभाळाच्या पार पोचलो. पोचा बाबा. पण खाली माणसं उभी आहेत, एवढं तर बघा.

सगळ्यांना सांग, आणि आजच सांग. साहेब काय म्हणाला ते मला कळवू नकोस.

आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

धुरपदा

---

बंगळूर, १ जुलै २०२४

ती. स्व. काकूस सा. न.

हात माझाच होता.

परवा चूक काढली आणि सगळ्या फोनांवर संदेश सोडला, की आतापर्यंतच्या वेळा चुकीच्या होत्या, आभाळ भरलं की अ‍ॅपकडे न बघता घरी जा. खाली माझं नाव घातलं. साहेबांना विचारलं नाही. काल कंपनीच्या दारात माझं कार्ड चालेना. दुसरं काम शोधतो आहे. दिवाळीला यायची हिंमत झाली तर येईन.

राखून ठेवलेल्यातला एखादा आशीर्वाद पाठव.

आदिनाथ

---

सोनपेठ, ६ ऑक्टोबर २०२४

चि. आदिनाथ यास अनेक आशीर्वाद, मागचे धरून.

नोकरी गेली त्याचं मला वाईट वाटतं. संदेश सोडलास त्याचं वाटत नाही. काका जेवायला लागले आहेत. पण हे पत्र रागाचंच आहे, सावरून बस.

काल सोयाबीन काढायचं चालू होतं. अ‍ॅपनं सांगितलं की तीन वाजता वीज. दोनलाच सगळ्यांचे फोन वाजले, आणि काकांनी घंटाही बडवली. आता दोन्ही करतात. सगळं शिवार पटापट घरी आलं. मी माणसं मोजली तर लिंबाजी नव्हता. तो पार त्या टोकाला पाठ करून, खाली वाकून कापत होता. फोन वाजला, घंटा वाजली, लोक हाका मारत गेले. त्याला काय?

मी पळाले. या गुडघ्यांनी, चिखलातून, वर आभाळ कडाडत असताना. लय घाबरले रे. त्याचं मनगट धरून ओढलं तर त्याला वाटलं घरात कुणी गेलं, तो रडायलाच लागला. आखाड्यावरच्या, रानातल्या खोपीच्या पत्र्याखाली पोचलो आणि मागे बांधावर वीज पडली. तो दचकलासुद्धा नाही. शांतपणे माझ्या पायांचा चिखल बघत होता.

तुमचा उपग्रह तिकडून सोनपेठचा ढग बघतो. वेळ आता बरोबर सांगतो. त्यावर सगळं गाव घरी येतं, आणि तुझ्या नऊमुळे ज्याचे कान गेले तो एकटा रानात राहतो. दिवाळीला ये, हिंमत असो नसो. मिठाई आणू नकोस. लिंबाजीपर्यंत पोचेल असं काहीतरी करून आण. ते होईपर्यंत इथेच राहा, आणि ढग आला की तू पळत जाऊन त्याचा हात धर. माझ्याच्यानं आता पळवत नाही.

वाट बघते.

तुझी धुरपदाकाकू