वेंगुर्ल्याची अबोली, सक्करदऱ्याची गच्ची

१४ एप्रिल १९७४
सून माहेरी गेली. वेंगुर्ल्याला, भावाच्या लग्नाला. दोन महिने झाले चारुशीलेला या घरात येऊन, पण बोलणं काय? ‘हो आई’ नाहीतर ‘नको आई’! आज रिक्षात बसता बसता मात्र तिने अबोलीची कुंडी माझ्या हाती दिली. तिच्या आईच्या अंगणातली अबोली. म्हणाली, “एवढी सांभाळाल ना? वाऱ्यात नका ठेवू. आमच्याकडे विहिरीच्या आडोशालाच लावतात.”

मला शिकवते! प्रदर्शनात शेवंतीचं बक्षीस कोणाचं? सक्करदऱ्यात विचार म्हणावं कोणालाही!

पण पोरीने पहिल्यांदाच काही मागितलं. ही कुंडी जगली तर ती आमची झाली, असं मी मनाशी धरलं आहे.

१५ एप्रिल
समुद्राकाठचं झाड. तिथे वारा काय कमी असेल? आडोशाला त्याचा जीव घुसमटत असणार! उचलून गच्चीवर ठेवलं, ऐन वाऱ्यात. समुद्र मी पाहिलेला नाही, पण डोकं आहे की नाही!

२२ एप्रिल
पानं कडेने करपली. वारा तो वारा, असं वाटलं होतं. आमची नागपूरची तापलेली लू समुद्रावरून येत नाही हे विसरले. शेजारच्या इंदूबाई त्यांच्या गच्चीवरून ओरडल्या, “काहून वं, पापड वाळवून राहिली का?”

खाली आणून, थंडाव्यासाठी दारात लावलेल्या खसच्या ओल्या ताटीमागे ठेवली. यांची कुरकुर सुरू — “माणसाले उकडून राहिलं, अन् झाड ताटीत!” घाम पुसा म्हटलं.

२६ एप्रिल
सुधारणा नाही. दुपारी पडल्या पडल्या एकदम उलगडलं — तिथली हवा खारी, आणि आपण पाजतो गोडं पाणी! लगेच तांब्यात चमचाभर मीठ विरघळवून घातलं. मधू, माझा लेक, दुपारपाळीला निघाला होता. थांबला. तोंड उघडलं, मिटलं, आणि मिशीत हसत हिंगण्याच्या बसला पळाला. आईच्या हुशारीचं कौतुक वाटलं असेल.

२७ एप्रिल
आज दोन चमचे.

१ मे
मेली.

रडले मी. पन्नाशीची बाई, न्हाणीघरात तोंड झाकून रडले. विहिणीच्या अंगणातलं झाड, आणि मी त्याचं लोणचं घातलं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

३ मे
सीताबर्डीच्या माळ्याकडून दुसरी आणली. “केशरीच फुलंल बाई, काळजी नका करू!” त्याच कुंडीत लावली आणि न्हाणीच्या भिंतीआड, वारा लागणार नाही अशी ठेवली. चोरी करताना मात्र सुनेचं ऐकलं!

१९ मे
चारुशीला आली. आधी कुंडीपाशी गेली. पानं चाचपली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “छान सांभाळलीत.”

मला पाणी पिताना ठसका लागला.

८ जून
फूल आलं. पिवळं! पिवळंधमक! त्या माळ्याच्या तोंडात शेण!

झाकायचं तरी कसं? ती समोरच उभी. मग सांगून टाकलं सगळं — गच्ची, ताटी, मीठ, दोन चमचे, सगळं. ती पदर तोंडाला लावून आत गेली ती बाहेर आलीच नाही. जेवलीही नाही. झालं! हातातोंडाशी आलेली पोरगी मी मिठात घातली.

९ जून
सकाळी स्वतःच चहा घेऊन आली. डोळे लाल, आणि हसू आवरेना. म्हणे, “आई, माहेरची अबोली तर लग्न होऊन इकडे येतानाच वाळली, गाडीत. तुमची बक्षिसं ऐकून सांगायची लाज वाटली. यांनीच मग दुसरी आणून दिली, सीताबर्डीहून.” माळी तोच!

म्हणजे खारं पाणी मी नागपूरच्या झाडाला पाजलं. आणि मधू गधा सगळं जाणून होता!

ते पिवळं फूल तिने माझ्याच अंबाड्यात खोचलं. दिवाळीला वेंगुर्ल्याला चला म्हणते, दोघी मिळून खरी आणू. मीठ मात्र घरी ठेवा म्हणे.