पुढं सरकवलेला ट्रे

रवि. ६ जुलै

आज चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षरस. आशूनं पेला उचलला नाही.

ट्रे माझ्याकडनं त्याच्याकडं गेला. त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि तसाच पुढं सरकवला. आधी भाकरीचं ताटही तसंच. बाकाच्या टोकाला ट्रे घ्यायला हेच उभे. बाप चर्चच्या कारभारात, मंडळीचा एल्डर, आणि पोरगं न शिवता ट्रे पुढं पाठवतंय. ह्यांच्या कपाळाची शीर मला माझ्या जागेवरनं दिसली. माझ्या अलीकडं रूथ आक्का. तिला कोण कितव्या गाण्याला आलं ते पाठ असतं, तिला हे दिसणार नाही होय?

घरी विचारलं. "पोट बिघडलंय." अंगठ्याएवढ्या पेल्यानं काय होणार होतं? रस मीच करते. काल काळे मनुके उकळून मीच गाळला. शिवाय दुपारी मटण दोनदा मागून घेतलं की पठ्ठ्यानं.

दृढीकरण झालं, प्रभुभोजन घ्यायची मुभा मिळाली, तेव्हापासून त्यानं एकदाही चुकवलं नव्हतं. काहीतरी आहे.

मंगळ. ८ जुलै

डोळे लाल. म्हणे पावसाचं पाणी गेलं. पाऊस काय ह्याच्या एकट्याच्याच डोळ्यात पडतो?

अंघोळीला गेल्यावर दप्तर बघितलं. काही नाही. रेनकोटच्या आतल्या खिशात डोळ्याची लाली घालवायच्या औषधाची बाटली, निम्मी संपलेली. कुणी दिली? मी नर्स. ह्या घरात सर्दीची गोळीपण माझ्या हातनं जाते. आणि खिशाला वास. कॅज्युअल्टीत येतो तो. मला तो वास झोपेतपण कळेल.

गांजा. लिहिलं एकदाचं.

बाटली होती तिथंच ठेवली. ह्यांना बोलले नाही.

शुक्र. ११ जुलै

ड्यूटी बदलून घेतली. राजारामपुरीत त्याच्या क्लाससमोर, चहाच्या गाड्याजवळ उभी राहिले. क्लास सुटला, पोरं बाहेर पडली, आशू नाही. ओंकार आला, आशूचा शाळेपासूनचा दोस्त. केसाला रंग, फाटकी पँट. माझा संशय पहिल्यापासनं ह्याच्यावर. गाठलाच.

"आशू कुठाय?"

"आलाच न्हाय ओ काकू. लई दिवस झालं येत न्हाय."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस?"

"त्यालाच विचारा की. माझ्याशी बोलणं तोडलंय त्यानं. मी नको म्हणत हुतो म्हणून."

कशाला नको, ते विचारायचं धाडस झालं नाही. खोटं बोलतोय का म्हणून त्याचे डोळे निरखले. पांढरे स्वच्छ. दुसऱ्याचं पोरगं नीट आहे म्हणून कुणाला राग येतो का? मला आला.

संध्याकाळी आशू तोंड वर करून, "क्लासलाच गेलतो की."

रवि. २० जुलै

रूथ आक्कानं चर्चच्या दारातच धरलं. "आशूचं काय गं? त्या दिवशी घेतलं न्हाय त्यानं. पाळकसाहेबास्नी सांगू का? प्रार्थना करतील." म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला विषय. "पोट बिघडलं हुतं त्याचं," म्हणाले. त्याची थाप, माझ्या तोंडून.

हे म्हणतात पोरगं अबोल झालंय, वय आहे, तू प्रार्थना कर. करते की. गुडघे टेकून करते. आणि उठून खिसेपण बघते.

शनि. २ ऑगस्ट

मनुके गाळता गाळता आशूला हाक मारली.

"उद्या घ्यायचं. मुकाट्यानं. बाबांनी चारचौघांत मान खाली घालायची का?"

"खरंच घेऊ?"

"व्हय, घे."

माझ्याकडं बघत राहिला. मग "बरं" म्हणून गेला.

रवि. ३ ऑगस्ट

घेतलं. भाकर, रस, दोन्ही. रूथ आक्का मान वाकडी करून बघत होती. म्हटलं, बघ बाई पोटभर. माझा जीव भांड्यात पडला. शेवटचं गाणं मोठ्यानं म्हटलं.

उपासनेनंतर पेले घासायला बसले, ते काम माझंच. घासता घासता हात थांबला. पाळकसाहेब दर वेळी सांगतात, आपापलं मन तपासा, मगच घ्या. जुलैत पोरानं तपासलं होतं. घरी थापा, क्लासच्या थापा, पण त्या ट्रेपुढं तेवढं खरं वागला. खोटं घ्यायचं नाही एवढी भीती, एवढी लाज त्याच्यात उरली होती. आणि मी, त्याची आई, मी त्याला तिथंपण खोटं वागायला लावलं. कुणासाठी? रूथ आक्कासाठी!

प्रभू, माझी मती कुठं गेलती? आता हे पोरगं कुठं खरं बोलेल?

गुरु. ७ ऑगस्ट

जेवताना रेनकोटातली बाटली त्याच्या ताटाजवळ ठेवली. दोघंच होतो.

"कधीपासनं म्हाईत हाय तुला?"

"जुलैपासनं."

"आणि तरी घे म्हणालीस?"

एवढ्यात हे दूध घेऊन आले. "कुणाचं औषध गं?" "माझं," मी म्हणाले. तोंडातनं गेलंच. आशू हसला. तसलं हसताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

मंगळ. १२ ऑगस्ट

ह्यांना सगळं सांगितलं. बाटलीचं, वासाचं, माझं ‘घे’ म्हणणंपण. हे कितीतरी वेळ चपला घालून तसेच बसले, कुठं जायचं तेच विसरले. मग, "कुणाला बोलू नकोस." थोड्या वेळानं, "डॉक्टरकडं नेऊ." मग परत, "पण कुणाला बोलू नकोस."

राजारामपुरीतल्या दर दवाखान्यात आपल्या मंडळीतलं कुणी ना कुणी आहेच. म्हणून जयसिंगपूरला. पाप लपवायला माणूस किती लांब जातो, आणि उपचारपण लपूनच.

शुक्र. २२ ऑगस्ट

जयसिंगपूर. आशू आला, कुरकुर केली नाही. त्याचा मला जास्तच संशय. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं. दाराला कान लावायला गेले तर आतनं, "आई, खुर्चीवर बसा." बाई माझ्यासारखीच दिसते.

येताना एस.टी.त वडापाव खाल्ला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सोडलंय मी."

"कधी?"

"बघ, लगेच कधी. म्हणून सांगत न्हाय तुला."

हातकणंगले येईपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत बसले. घरी आल्यावर रेनकोट हुंगला. नुसता रेक्झिनचा वास. म्हणजे सोडलंय, नाहीतर जागा बदललीय.

शनि. ६ सप्टेंबर

गल्लीत विसर्जनाची गडबड. ढोलाच्या आवाजात मनुके उकळले. आशू ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, उद्या घेऊ का नको?"

‘आता ओढत न्हाईस न्हवं?’ हेच तोंडावर आलं. गिळलं.

"तुझं तू बघ. मी विचारणार न्हाय."

"तू? आणि विचारणार न्हाईस?" खळखळून हसला. खूप दिवसांनी. मलापण हसू आलं. मग म्हणाला, मिरवणूक बघून येतो, ओंकार हाय संगं. परत बोलायला लागलेत दोघं? ओंकारला फोन करावा वाटला. जा म्हणाले.

आला तो डोक्यापासनं गुलालात माखलेला. डोळे लाल. गुलालानं होतातच लाल. माझेपण व्हायचे. पण लाल.

रवि. ७ सप्टेंबर

सकाळी तो अंघोळीला गेल्यावर रेनकोट, बूट, गादी. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून आणखी शोधलं.

चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, मन तपासा. तपासलं. आत दुसरं काय असणार? पोराचे खिसे. ज्या पोरानं काल सरळ येऊन मला विचारलं, त्याचे.

रूथ आक्कानं ट्रे माझ्याकडं दिला. मी तसाच आशूकडं दिला. "अगं," आक्का कुजबुजली. आशूनं माझ्या रिकाम्या हाताकडं बघितलं. ट्रे त्याच्या हातात थांबला. मी डोळे मिटले. मी प्रार्थनेतपण एक डोळा किलकिला ठेवणारी बाई. आज गच्च मिटले. पेल्यांचा किणकिणाट ऐकू आला. त्यानं पेला उचलला तरी तो होणार, नुसता ट्रे सरकवला तरी होणार.

घरी हे चपला काढता काढता, "अगं, आज आशूनं..."

"सांगू नका."

"ऐक तरी."

"नको. त्याला वाटलं तर तो सांगेल."

आत येऊन भात लावला. मागोमाग आशू. "आई, तू का घेतलं न्हाईस?"

पोट बिघडलंय, म्हणणार होते.

"सकाळी तुझे खिसे तपासले म्हणून."

तो पाणी प्यायला, तांब्या जागेवर ठेवला, बाहेर जाऊन बसला. काही सांगायला आला होता का? आता मी विचारायचं का थांबायचं?

रेनकोट खुंटीवर आहे. सकाळी मी आतल्या खिशाची चेन लावली होती. आता ती उघडी आहे. मी बघावं म्हणून त्यानं उघडी ठेवली, का आत काही ठेवलं, कळत नाही. हात लावला नाही. अजून तरी.