चेअरमनसाहेबांचा फोटो सगळ्यात वर

२० सप्टेंबर १९९९, इस्लामपूर
साखर कारखान्यात तीन हंगाम हंगामी क्लार्क म्हणून काढले. आज चेअरमन हंबीरराव म्हणाले, बॉयलर पेटायच्या आत कारखान्याची वेबसाइट उभी कर, तुला कायम करतो. अट अशी की सॉफ्टवेअर फुकटचं पाहिजे आणि कुणालाही चालवता आलं पाहिजे. घरी येऊन बायकोला, क्रांतीला सांगितलं, कायम झालो. थोडं आधी सांगितलं, एवढंच.

२४ सप्टेंबर
कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सिद्धूने दोन सीडी दिल्या. दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि आतलं सगळं उघडं. उद्या निवड करणार.

२९ सप्टेंबर
निवड झाली नाही. घाई माझ्या स्वभावात नाही. दिवसभर कॉम्प्युटर रूममध्ये येरझाऱ्या.

३ ऑक्टोबर
पहिली सीडी टाइमकीपरच्या मशीनवर चढवली. दणकट सिस्टिम! मशीनमधलं विंडोज गेलं, कामगारांची हजेरीही गेली. टाइमकीपर भाऊसो म्हणाले, आता समदा कारखाना गैरहजर हाय, पगार तुमीच वाटा. लोकांना प्रगतीची भीती वाटते.

८ ऑक्टोबर
दुसरी सीडीच खरी. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. युजर-फ्रेंडली म्हणजे अशी: फोटो टाका, बटण दाबा, नवा फोटो सगळ्यात वर. पासवर्ड एकट्या चेअरमनना दिला असता, पण सहकार म्हणून काही आहे की नाही? सगळ्या संचालकांना दिला. सिद्धू म्हणाला, असलं काय करू नगंस गड्या. त्याला सहकारातलं काय कळतंय.

१५ ऑक्टोबर
बॉयलरची पूजा. त्याच नारळात वेबसाइटचंही उद्घाटन उरकलं. पहिल्या पानावर साहेब, फेट्यासह. पाठीवर थाप मिळाली. कायमची ऑर्डर आता आलीच.

१६ ऑक्टोबर
व्हाइस चेअरमन नानासोंनी स्वतःचा फोटो टाकला. साहेब एक पायरी खाली. दुपारी साहेबांनी स्वतःचा पुन्हा टाकला. मग बाकीचे संचालक आले. एकाच्या नातवाचं बारसंही पहिल्या पानावर आहे. वापर वाढतोय, शुभ लक्षण.

१८ ऑक्टोबर
आज साहेब भंगार विक्रीच्या जाहिरातीखाली गेले. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, आमी भंगाराच्या बी खाली व्हय रं? आमचा फोटो हलाय नको. म्हटलं, संध्याकाळपर्यंत करतो. कसं करायचं ते ठाऊक नाही. सिद्धूला फोनवर फोन. त्याची परीक्षा आहे.

२० ऑक्टोबर
फोटो हलायचा थांबला नाही, साहेबांच्या हुकमाने वेबसाइटच बंद. गेटवर मोठा बोर्ड रंगवायचं ठरलं, त्यावर साहेब एकटेच. मी यंदाही हंगामी, उसाच्या वजनकाट्यावर. घरी म्हटलं, काटा म्हणजे विश्वासाचं काम, कायम माणसालाच देतात. क्रांती भाकरी थापत होती. म्हणाली, आवं, कायम झालेल्या माणसाला झोप लागती. तुमी म्हैनाभर नुसतं आढ्याकडं बघत पडलाय.
फार लाज वाटली. आज तरी लवकर झोपावं.