शेवटची दोन भोकं

१२ ऑक्टोबर, रविवार

सातवीला आज मोजमाप सुरू केलं. एकच बाक वितीने मोजायला लावला. बूजमाच्या नऊ विती, उमलखैरच्या अकरा. लगेच जुंपली! "तुझा हात आहे की फावडं?" ती. "आणि तुझा चिमटा!" तो. म्हटलं, भांडा. याच भांडणापायी माणसाने मिलिमीटर काढला.

उद्या बाबांचा भोकं पाडलेला तांब्याचा पत्रा वर्गात नेणार. फोगाऱ्याचं, म्हणजे भुयारातून आमच्या वाळवंटातल्या गावात येणारं पाणी त्यानेच मोजून बागांना वाटतात. चाळीस वर्षं हे काम बाबांकडे. लहानपणी मोजणी झाली की पत्रा साफ करायचा मान माझा. काय मिरवायचे मी!

१३, सोमवार

पत्र्याने वर्ग जिंकला. तो पाटात आडवा रोवायचा, सगळी भोकं ओल्या मातीने बुजवायची, मग एकेक मोकळं करत जायचं. मागचं पाणी चढेना-उतरेना झालं की मोकळी भोकं मोजायची. तेवढा त्या बागेचा वाटा. मोजणाऱ्याची बाग सगळ्यांत शेवटी — म्हणजे आमची. काठावरची दोन भोकं तोवर बुजलेलीच असतात, ती फक्त आमच्या वाट्याला उघडतात.

"सगळी भोकं सारखीच ना, बाई?" उमलखैर.

"म्हणजे काय!" मी.

कपाटातले कॅलिपर काढले, अजून प्लॅस्टिकमध्येच होते. म्हटलं, उद्या मोजाच. मोठ्या हौसेने म्हटलं.

१४, मंगळवार

मोजली.

सगळी भोकं दहा मिलिमीटर. शेवटची दोन — बारा.

"आमचंच चुकलं असेल, बाई," माझं तोंड बघून बूजमा म्हणाला. पाच जणांकडून मोजून घेतलं. स्वतः मोजलं. बारा. बारा. बारा!

दोन मिलिमीटरने काय होतंय, असं मीच म्हणून बसले. मी, विज्ञानाची बाई! उमलखैरने दोन्ही भोकं दहापट करून चौकटीच्या कागदावर काढली. मीच शिकवलंय तिला हे. मग चौकोन मोजले. लहानात अठ्ठ्याहत्तर, मोठ्यात एकशे तेरा. "जवळजवळ दीडपट पाणी," ती हळूच म्हणाली.

तिच्या आजोबांच्या तीन खजुरी यंदा वाळल्या. आमच्या बागेत घडांना टेकू द्यावे लागलेत.

१५, बुधवार

बाबांनी चहाचा पेला पुढे केला. मी उठून गेले.

१६, गुरुवार

शाळा सुटल्यावर उमलखैर थांबली. "घरी सांगू का, बाई?"

थांब, असं अगदी ओठांवर आलं होतं. "मोजलेलं लपवायचं नसतं," म्हटलं आणि फळा पुसायला वळले.

संध्याकाळी बाबांना विचारलंच — "भोकं तुम्ही वाढवलीत?" त्यांनी पत्रा मांडीवर घेतला, बोट फिरवत नेलं. शेवटच्या भोकांपाशी थांबलं. मग माझ्याकडे बघितलं. "उद्या गावच्या पंचांपुढे, जमातीपुढे बोलेन. तू मध्ये पडू नकोस, पोरी."

म्हणजे हो! माझे बाबा चोर!

१७, शुक्रवार

नमाजानंतर जमात पाटाशी बसली. आम्ही बायका भिंतीआड. उमलखैरच्या आजोबांनी, सी लहबीबनी, तो चौकटीचा कागद पुढे ठेवला. "हाज बार्का, चाळीस वर्षं तुमच्या शब्दावर पाणी प्यालो. ही पोर काय म्हणते ते ऐका."

"पोर खरं सांगते," बाबा म्हणाले. "चूक माझ्या घरातली आहे. आमचं एक भोक पाणी तुमच्या बागेला घ्या."

कुणीतरी थुंकलं. बाबांनी पत्रा खाली ठेवला. आता दुसरा कुणी मोजेल. भोकं कशी वाढली, केव्हा, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

येताना मी दहा पावलं मागून चालले. त्यांच्यासोबत दिसायची लाज वाटली मला.

१८, शनिवार

"पत्रा ठेवायची ती पिशवी चुलीत घाल," बाबा म्हणाले. "उघडू नकोस."

उघडली. तळाशी लोखंडी सळईचा तुकडा. माझा! आठ वर्षांची असताना लोहाराकडून टोक काढून आणला होता. काठावरची ती दोन भोकं शेवटपर्यंत बुजलेली, त्यांच्या कडांना चिकटलेली माती वाळून दगड व्हायची, बोटाने निघायची नाही. मी सळई घालून गरगर फिरवायची, पार आरपार. प्रत्येक मोजणीनंतर, शहरात शिकायला जाईपर्यंत. बाबा शेजारी बसून कौतुकाने बघायचे.

दप्तरातला कॅलिपर काढून सळईला लावला. बारा.