विनासायास

आई,

‘जरा जपून बोल गं बये, वास्तू तथास्तु म्हणती.’ तुझं हे वाक्य सकाळपासून माझ्यामागे फिरतंय. तेल संपलं म्हणायचं नाही, तेल आणायचंय म्हणायचं. दिवा विझला नाही, शांत झाला. घरातून निघताना जाते नाही, येते. मळ्यातल्या आपल्या पत्र्याच्या घराला कान आहेत आणि ऐकलेल्या प्रत्येक शब्दाला ते ‘तसंच होवो’ म्हणत बसलेलं असतं, अशी लहानपणी माझी खात्रीच होती. म्हणून आज हे लिहितेय. बोलले असते तर घराने ऐकलं असतं.

मळा आता नाही. त्या जागी इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर मी आणि नाना, आम्ही दोघं बापलेक राहतो. माझ्या अंदाजाने आमचं स्वयंपाकघर तुझ्या शेवंतीच्या वाफ्यांच्या बरोबर वर येतं. एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही, दुसरीपलीकडे लिफ्ट. अशा घराला वास्तू असते का, हे तुला विचारायला हवं होतं. तेव्हा विचारायचं कारण नव्हतं.

तिन्हीसांजेला तू देवळीत दिवा लावायचीस. हात धुतलेले असले तरी बोटांच्या पेरांत झेंडूचा राप राहिलेला असायचा आणि तेलाच्या वासात तो कडवट वास मिसळायचा. मग खड्या आवाजात शुभंकरोती. मनातल्या मनात म्हणणं तुला मान्य नव्हतं. ‘मनातलं मनातच ऱ्हातं. तोंडातून निघालं तरच पोचतं,’ म्हणायचीस. आठवीत मला संस्कृत आलं आणि कळलं, की तू एक शब्द चुकतेस. शत्रुबुद्धीच्या पुढे ‘विनाशाय’ हवं, तू ‘विनासायास’ म्हणायचीस. मी तसं सांगितलं तेव्हा जोडलेले हात तसेच ठेवून तू माझ्याकडे पाहिलंस.

‘म्हंजे काय त्याचं?’

‘विनाश होवो. शत्रूच्या बुद्धीचा.’

‘दिव्याम्होरं विनाश मागू? तिन्हीसांजेला?’ तू म्हणालीस. ‘नाय बाई. माझाच शब्द बरा हाय. कुणाच्या डोक्यात वाईट असंल तर आपसूक जाऊ दे.’

नाना दाराशी पाठमोरे बसून फुलांच्या पाटीला गोणपाट शिवत होते. ‘हिचं संस्कृत म्हंजे झेंडूत गाजरगवत,’ ते म्हणाले. ‘इतकी वर्षं वरडतीय, द्येव एकदा तरी हो म्हणला का?’

‘त्यो कशाला म्हणंल? वास्तू म्हणती की.’

नानांनी कधी हात जोडले नाहीत. पण दिवा लागल्याशिवाय ते दारातून हलायचेही नाहीत, हे मला आता आठवतं.

मग ती दिवाळीआधीची सकाळ. तू शेवंती तोडते आहेस, ओटीत फुलं आहेत, मी दोन वाफे सोडून पलीकडे. ‘जरा टेकते,’ म्हणतेस आणि बांधावर बसतेस. पाटी भरून मी मागे वळते तेव्हा तू तशीच बसलेली आहेस, फुलं ओटीत, मान जराशी कलती. दुपारी घर बायकांनी भरलं. थोरल्या काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘भाग्याची गं. विनासायास गेली.’ भिंतीला टेकून बसलेल्या नानांनी डोकं वर केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्या शब्दाबद्दल पुढे आम्ही कधीच बोललो नाही. रोज संध्याकाळी तू काय मागत होतीस ते तुलाही माहीत नव्हतं, आणि कुणीतरी ते ऐकून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी नानांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. पाणी म्हणता येत नाही, माझं नाव येत नाही. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येते, पेल्याचं चित्र दाखवते. ते ओठ हलवतात आणि रागाने मान फिरवतात. एका संध्याकाळी मी तुझ्या फोटोपुढे दिवा लावला. मी काही म्हणत नाही, नुसता लावते. मागून, कॉटवरून, नानांचा आवाज आला. सगळं शुभंकरोती, कुठेही न अडखळता, तुझ्याच चालीत. आणि ‘विनाशाय’च्या जागी तुझा शब्द.

त्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘होतं असं, ताई. पाठ झालेलं मेंदूत दुसरीकडेच राहतं. शिव्या, पाढे, आरत्या. आजोबा बोलत नाहीयेत हं, ते आपोआप येतंय.’ मला बरं वाटलं. नुसते शब्द, मागे कुणी नाही. पण नानांनी ते कधी पाठ केलं नव्हतं, आई. आणि त्या एका शब्दापाशी ते थांबतात आणि माझ्याकडे बघतात, त्या दुपारी बघितलं होतं तसं. अलीकडे बाकीचं सगळं गळून पडलंय. दिवा लागला की तेवढाच शब्द, पुन्हा पुन्हा, मला समजावून सांगितल्यासारखा.

शब्दांत काही नसतं, असंच मी चाळिशी ओलांडेपर्यंत मानत आले. मग मला भीती कशाची वाटते? परवा त्यांच्या आवाजावर आवाज चढवून मी ‘विनाशाय’ म्हटलं, शुद्ध, पुस्तकातलं, आणि लगेच जीभ चावली. आजारी माणूस असलेल्या घरात तोही शब्द बरा नव्हे. नाना हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. गाजरगवत आठवलं असावं. हसणारं माणूस आत असतंच ना? त्याचाच तर घोर लागलाय. ते आत आहेत, आणि मागत आहेत.

काल मी दिवा लावलाच नाही. ते फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. ‘तेल संपलं, नाना,’ मी म्हणाले. तिन्हीसांजेला, घरात, मोठ्याने. बाटली ओट्यावर होती, भरलेली, आणि कॉटवरून त्यांना ती दिसत होती. अंधार होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

आज दिवा लावावा लागेल. त्यांना रोज अंधारात बसवणं माझ्याने होणार नाही. ते तो शब्द म्हणतील. या घराला वास्तू असलीच तर ती तूच असशील, तुझ्या वाफ्यांवर उभं आहे ते. हा कागद मी घडी घालून फोटोमागे ठेवीन. मोठ्याने वाचणार नाही, म्हणजे तुझ्याच नियमाने हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. तरी मागते. ते म्हणतील तेव्हा तू तथास्तु म्हणू नकोस. अजून थोडे दिवस गप्प राहा. नानांनी काही मागितलं आणि तू नाही म्हणालीस, असं मी कधी पाहिलेलं नाही. तरी या एका वेळी म्हण.